दस्त्याला कुठलं तेल

खंडेनवमीला मी ह्यांच्या बंदुकीला पॉलिश करून घेतलं आणि दसऱ्याच्या दिवशी ह्यांनी तिला ओळखलं नाही. पुढचे कितीतरी महिने मी त्या एका दिवसाचं शहाणपण निस्तरत बसले होते.

बंदूक म्हटल्यावर दचकू नका. ती छऱ्यांची, हवेच्या दाबावर चालणारी. नेमबाजीच्या स्पर्धेत पोरं वापरतात त्या जातीची, पण फार जुनी. तिला परवाना लागत नाही आणि तिने वाघ मरत नाही. लग्न होऊन मी डोंबिवलीला आले तेव्हा त्या वेडीने (म्हणजे मीच, पण इतक्या वर्षांनी तिची जबाबदारी घ्यायला मी तयार नाही) सगळ्या बिल्डिंगला सांगून ठेवलं होतं की आमचे हे शिकारी आहेत. कुणी विचारलं, कशाची शिकार करतात हो, की ती डोळे मोठे करून म्हणायची, "ते घरात बोलत नाहीत त्याबद्दल." बोलणार काय? हे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासायचे, आणि रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये मुलांना नेम धरायला शिकवायचे. ह्यांनी आयुष्यभर मारलं ते कागदाला.

बंदुकीच्या लाकडी भागाला दस्ता म्हणतात. त्याचं एक टोक खांद्याला टेकतं आणि वरच्या कडेवर गाल ठेवून नेम धरायचा. ह्यांचा दस्ता अक्रोडाचा होता. रविवारी संध्याकाळी हॉलवरून आले की हे गॅलरीत स्टूल टाकून बसायचे, तळहातावर तेलाचे दोन थेंब घ्यायचे आणि त्या लाकडाला चोळत राहायचे. ती शहाणी आतून दारात येऊन उभी राहायची. नवी साडी, केसात गजरा, आणि तोंडावर असा भाव की आता बघतील, मग बघतील. एकदा तिने विचारलं, "माझ्या पायांना कधी लावलंत तेल?" हे म्हणाले, "तुझे पाय अक्रोडाचे नाहीत." दोन दिवस अबोला धरला तिने. आता हसू येतं. बरोबरच बोलले होते.

तिला बंदूक चालवून बघायचीही हौस होती. हॉलमध्ये गेली, दस्त्यावर गाल टेकला, हे मागून सांगतायत, "एक डोळा मीट, श्वास सोड." तिने दोन्ही डोळे मिटले, श्वास धरून ठेवला आणि ट्यूबलाइट फोडली. वर तोऱ्यात म्हणते कशी, "लाकूड गालाला टोचतं." हे म्हणाले, "टोचणारच. ते माझ्या गालाचं आहे."

तेव्हा मला ती फुशारकी वाटली होती.

डोंबिवलीची बिल्डिंग पाडून नवी बांधायला घेतली आणि आम्ही कोलशेतला मुलाकडे राहायला आलो. उंच इमारत, समोर खाडी, भिंतीला खिळा ठोकायचा तर परवानगी. ह्यांचं विसरणं डोंबिवलीतच सुरू झालं होतं, इथे येऊन त्याला मोकळं रान मिळालं. तिथे निदान संडास कुठे हे पायांना माहीत होतं. आधी नातेवाइकांची नावं गेली, मग वार गेले, मग जेवण झालं की नाही ते गेलं. हळूहळू मला "अगं" म्हणायचं सुटलं आणि "अहो बाई" सुरू झालं. मी म्हटलं, चला, म्हातारपणी का होईना, मान मिळाला.

पण संध्याकाळ शाबूत होती. दिवे लागले की हे आपले आपण उठायचे, कपाटाच्या बाजूला उभी केलेली बंदूक घ्यायचे, खिडकीतल्या खुर्चीत बसून दस्त्यावर गाल टेकायचे. छरे घरात नव्हतेच, मुलाने कधीच काढून टाकले होते. एक डोळा मिटायचा, श्वास सोडायचा आणि तसंच राहायचं. त्या वेळात हे कुणाला काही विचारायचे नाहीत. मी कोण, हे घर कुणाचं, आपण डोंबिवलीला कधी जायचं, काही नाही. दिवसभर ज्याच्या पायाखालची फरशी हलते आहे त्या माणसाला तेवढी एक जागा घट्ट सापडायची. मी बाजूला बसून वाती वळायचे. मला वाटायचं, एवढं राहिलं तरी पुरे.

आणि ते मीच घालवलं.

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करतात. आमच्या पाटावर दरवर्षी विळी, माझी शिवणाची कात्री, ह्यांचं मापं घ्यायचं व्हर्नियर, आणि मध्ये बंदूक. सगळ्यांना हळदकुंकू. वर्षानुवर्षं माझं बोट दस्त्यावर एकाच जागी टेकत आलं, तिथे काळपट लाल डाग बसला होता. बाकीचं लाकूडही हाताच्या घामाने, तेलाने काळवंडलेलं. डोंबिवलीत कुणाच्या लक्षात येत नव्हतं. कोलशेतच्या पांढऱ्याशुभ्र दिवाणखान्यात ती बंदूक अगदी कळकट दिसायला लागली, आणि त्यात सूनबाई पूजेचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवणार होती. समोरच्या ब्लॉकमध्ये दरवाज्याला पॉलिश करायला माणूस आला होता. मी त्याला बंदूक दाखवली.

"माँजी, मेलामाइन मारून देतो," तो म्हणाला, "शीशे जैसा चमकेगा."

हे मुलाबरोबर केस कापायला गेले होते. ते परत येईपर्यंत पहिला हात मारून झाला, संध्याकाळपर्यंत दुसरा वाळला. खरोखर आरसा झाला. हळदीकुंकवाचा डाग घासून गेला, वरून गडद रंग, त्याच्यावर काचेसारखा थर. फोटो फार छान आला. पुण्याच्या नणंदेने तीन अंगठे पाठवले. तरुणपणची ती ट्यूबलाइट फोडणारी मूर्ख आहे असं मी सगळ्यांना सांगत असते, पण तिला निदान फोटोचा सोस नव्हता.

दसऱ्याला दिवे लागल्यावर हे उठले. बंदूक घेतली, बसले, गाल टेकला, आणि चटका बसल्यासारखा उचलला. परत टेकला. तळहात फिरवून बघितला. मग बंदूक माझ्याकडे धरून म्हणाले, "ही कुणाची आहे?"

"तुमचीच की हो."

"ही माझी नाही. माझी कुठे ठेवलीत?"

त्या दिवसापासून शोध सुरू झाला. पलंगाखाली, गाद्यांखाली, धुण्याच्या मशीनमध्ये, फ्रिजमागे. काम करणाऱ्या बाईंची पिशवी उघडून बघितली. त्या बिचाऱ्या रागावल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून पिशवी बाहेर चपलांजवळ ठेवायला लागल्या, ते मला जास्त लागलं. संध्याकाळी तर विचारायलाच नको. ज्या वेळी शांत बसायचे नेमक्या त्याच वेळी येरझाऱ्या, कपाटांची दारं, "चोर आहेत इथे, बाई, तुम्हाला कळत नाही." एकदा लिफ्टने खाली गेले आणि वॉचमनला तक्रार लिहून घे म्हणून अडून बसले. त्याने इंटरकॉम केला, "आजी, बाबा बोलतायत बंदूक चोरीला गेली. पोलिसांना फोन लावू काय?"

मुलगा आणि मी ह्यांना टेंभी नाक्याजवळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, अशीच तगमग राहिली तर गोळी वाढवावी लागेल. वाढवली की झोप जास्त येईल.

"जास्त म्हणजे?" मी विचारलं.

"बराचसा वेळ झोपून राहतील."

येताना रिक्षात मुलगा म्हणाला, "आई, अगं त्यांनाही त्रासच होतोय ना. झोपले तर निदान शांत तरी असतील."

मी म्हटलं, "शांत तर मीही होणार आहे एक दिवस. तोपर्यंत मला जागा माणूस हवाय." डॉक्टरांकडून थोडी मुदत मागून घेतली होती. त्या मुदतीत दस्ता पहिल्यासारखा करायचा असं मी ठरवलं. लाकूड तेच आहे, वरचा थर गेला की हे गाल टेकतील, ओळखतील, आणि आपली संध्याकाळ आपल्याला परत मिळेल. इतका सोपा हिशेब होता.

पण पहिल्यासारखा म्हणजे कसा? इतकी वर्षं ह्या माणसाला मी तेल लावताना बघितलं, ते कुठलं तेल हे मला ठाऊक नव्हतं. बाटलीवर चिठ्ठी नव्हती, आणि डोंबिवली सोडताना ती बाटली मीच भंगारात दिली होती. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तेल? खोबरेल लावा, केस गळत नाहीत."

मग ह्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. ती आता स्वतः आजी व्हायच्या बेतात आहे, कल्याणला असते.

"काकू! मेलामाइन?" ती जवळजवळ ओरडलीच. "सरांच्या दस्त्याला मेलामाइन?"

"झालं ते झालं. तू तेल सांग."

"सर जवसाचं लावायचे. कच्चं. आधी थोडं टर्पेंटाइन घालून पातळ करायचे, म्हणजे आत जातं. मग नुसतं तेल, अगदी थोडं, आणि तळहात गरम होईपर्यंत चोळायचं. उरेल ते फडक्याने पुसून टाकायचं. सर म्हणायचे, तेल लाकडात असावं, लाकडावर दिसू नये. वर थर राहिला की घामाने गाल चिकटतो."

"किती दिवस लागतील?"

ती म्हणाली, "काकू, कच्चं जवस लवकर वाळत नाही. आम्हाला पाठच करून घेतलं होतं सरांनी. आठवडाभर रोज, महिनाभर आठवड्यातून एकदा, वर्षभर महिन्यातून एकदा, आणि मग मरेपर्यंत वर्षातून एकदा."

तिकडून ती हसली. मला हसू आलं नाही.

सूनबाईने फोनवर शोधाशोध केली. तिला ह्या गोष्टीत एकदम रस आला. "आई, उकळलेलं जवसाचं तेल मिळतं, त्यात वाळवणारं काहीतरी घातलेलं असतं, एका रात्रीत वाळतं. हे दुसरं टंग ऑइल, चीनमधलं, पाण्याने खराब होत नाही. आणि हे डॅनिश ऑइल. म्हणजे तेल आणि व्हार्निश मिसळलेलं. दोन दिवसांत काम तमाम!"

"शुभ बोल गं," मी म्हटलं.

ती हार्डवेअरच्या दुकानातून आणि ऑनलाइन सगळं घेऊन आली. घरातलं खोबरेल आणि तीळतेल मी आणलं. जुन्या शिसवी पाटाच्या मागच्या बाजूला खडूने रेघा मारून आम्ही एकेका तेलाचा पट्टा ओढला आणि पाट खिडकीत ठेवला. सासू-सून एका पाटावर एवढ्या एकमताने आजवर कधी बसलो नव्हतो. खोबरेल दुसऱ्या दिवशीही ओलं, तिसऱ्या दिवशीही ओलं, आणि त्याच्यावर खाडीवरून आलेली धूळ. तिळाचंही तेच. ही तेलं वाळतच नाहीत, नुसती बसून राहतात. म्हणजे दर खंडेनवमीला मी दिव्यातलं उरलेलं तीळतेल पुण्यकर्म म्हणून दस्त्याला पुसत होते, ते हे दुसऱ्या दिवशी गुपचूप काढून टाकत असणार. कधी बोलले नाहीत. डॅनिशचा पट्टा सगळ्यात देखणा आला. टंगचा जरा पांढुरका. उकळलेल्या जवसाचा पिवळसर, कोरडा, नीटनेटका. कच्च्या जवसाचा पट्टा अजून बोटाला लागत होता.

मी पाट ह्यांच्या नाकाशी नेला. एकेक पट्ट्यावर ह्यांचा हात ठेवला. डॅनिशला तोंड फिरवलं. टंगला काहीच नाही. जवसावर थांबले. डोळे बारीक करून वास घेतला, परत घेतला. मी पाट तसाच धरून ठेवला. आता बोलणार.

"चटणी केली आहे का?" हे म्हणाले. "भाकरी वाढा."

जवसाची चटणी मला करावीच लागली. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

निवडायचं मात्र मलाच होतं. सूनबाईचं म्हणणं सरळ होतं. "आई, बाबांना काय कळणार आहे कच्चं की उकळलेलं? दोन्ही जवसाचंच, तेल एकच. आठवड्यात तयार होईल. तुम्ही कच्चं घेऊन बसलात आणि मध्येच गोळी वाढवावी लागली तर?" तिचं चूक नव्हतं. चांगल्या मनाने बोलत होती, आणि घड्याळ तिच्याच बाजूने होतं.

पण आदल्याच महिन्यात मी एका दिवसात काम उरकून घेतलं होतं. त्याची फळं समोर येरझाऱ्या घालत होती. आणि दुसरं असं की, उकळलेलं तेल लावायचं आणि वाळायला ठेवून द्यायचं, त्यात माणसाचं काम उरत नाही. कच्च्याला हात लागतो, रोज, बराच वेळ. ह्यांचे हात दिवसभर रिकामे असायचे. सदऱ्याची बटणं पिरगाळायचे, कपाटं उघडायचे. मी विचार केला, गाल काही का म्हणेना, हातांना आधी विचारून बघू. कच्चं जवस घेतलं.

दोन स्क्रू काढून मुलाने नळी आणि यंत्र वेगळं केलं, आपल्या कपाटात कुलूपबंद ठेवलं. माझ्याकडे नुसता दस्ता आला. मेलामाइन निघता निघेना. रिमूव्हर लावला, वरचा थर साईसारखा सुटला, पत्र्याच्या पट्टीने खरवडला, मग काचपेपर, आधी जाड, मग बारीक. ओलं फडकं फिरवलं की लाकडाचे बारीक केस उभे राहतात, ते वाळल्यावर परत घासायचे. माझी बोटं सालपटली. विद्यार्थिनीने व्हिडिओ कॉलवर बघून सांगितलं, "काकू, खोल घासू नका, आकार बदलेल. गालाच्या जागेला तर हात आवरूनच." लाकूड उघडं पडलं तेव्हा फिकं, सुकलेलं, दवाखान्यातल्या पेशंटसारखं दिसत होतं. हळदीकुंकवाच्या जागी मात्र खोलवर एक पिवळट सावली राहिली होती. ती मी राहू दिली.

तेलाच्या पहिल्या हाताला मी दस्ता टेबलावर ठेवला, तेल वाटीत काढलं आणि ह्यांना बोलावलं.

"जरा मदत करता का? मला जमत नाहीये."

खरं सांगते, मी जास्त काही धरून चालले नव्हते. हे बसले. वाटीत बोट बुडवलं, तळहातावर दोन थेंब घेतले, तळहात एकमेकांवर घासले आणि दस्त्यावरून असे फिरवले की सूनबाई भाजी तशीच टाकून बघत उभी राहिली. लाकडाच्या रेषेच्या दिशेने, एका लयीत, न थांबता. उरलेलं तेल फडक्याने पुसलं, फडकं पसरून वाळत टाकायला सांगितलं. "गोळा करून ठेवू नका, बाई, पेट घेतं." हे मला ठाऊक नव्हतं. सूनबाईने फोनवर बघितलं तर खरंच होतं. नंतर तेलकट फडकी गॅलरीत वाळत पडायला लागली आणि सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार आली की अमुक मजल्यावरून इमारतीची शोभा जाते. सूनबाईने उत्तर दिलं, "घरात आग लागण्यापेक्षा शोभा गेलेली बरी." ते वाचून मला ती एकदम आवडली.

मी ह्यांना विचारलं, "ओळखलंत का हे लाकूड?"

"अक्रोड आहे. चांगलं आहे. कुणी नासवलं होतं?"

"होती एक बाई."

"कुणाची आहे बंदूक?"

इथे मी म्हणायला हवं होतं, तुमचीच. तसं एकदा सांगून बघितलं होतं, आणि शोध सुरू झाला होता. म्हणून म्हटलं, "आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. त्यांची."

"बरं," म्हणाले, आणि चोळत राहिले.

आठवडाभर रोज झालं. मग आठवड्यातून एकदा करायचं, पण हे रोजच बसायचे, मी रोजच बसवायचे. तेल अगदी नावाला, नुसता हात. हवा दमट, वाळायला वेळ लागत होता, त्याची आता मला घाई नव्हती. कपाटं उघडायची थांबली. बाईंची पिशवी परत घरात आली. संध्याकाळी दिवे लागले की हे टेबलाशी येऊन बसायचे आणि त्या गृहस्थांची चौकशी करायचे.

"नेम चांगला आहे का त्यांचा?"

"होता म्हणे."

"रागीट आहेत?"

"मुळीच नाही. बोलतच नाहीत. बायको एकटीच बोलते."

"तोंडाळ आहे का?"

"फार," मी म्हटलं. "आणि खोटारडी. नवरा शिकारी आहे म्हणून गावभर सांगत फिरायची."

हे गालात हसले. किती महिन्यांनी. "बिचारा," म्हणाले.

"बिचारा कसला? सुखात आहे. दोन वेळा जेवतो, चटणी करून घेतो."

"तरी येत का नाहीत ते? स्वतःची वस्तू दुसऱ्याकडे टाकून माणूस असा विसरतो?"

मी वाटी धुवायला आत गेले.

डॉक्टरांनी गोळी वाढवली नाही. सगळे खूश झाले. मुलगा म्हणाला, "आई, तू जिंकलीस." पण मी ज्यासाठी हे मांडलं होतं ते अजून झालंच नव्हतं. दस्ता आता खरोखर पहिल्यासारखा दिसत होता. चकाकी नाही, नुसता आतून उजळलेला, हाताला मऊ, कोरडा. मी स्वतः अंधारात हात फिरवला असता तर डोंबिवलीच्या गॅलरीत बसल्यासारखं वाटलं असतं. फक्त गाल टेकायचा राहिला होता. मी वाट बघत होते, आणि टाळतही होते. जोवर टेकत नाहीत तोवर ओळखतील असं म्हणायला जागा होती.

थंडी सरता सरता एका संध्याकाळी ह्यांनी तळहात दस्त्यावर उलटा फिरवला, मग दस्ता आपल्या मनगटाला लावून बघितला, आणि म्हणाले, "झालं. आता ह्याला काही नको. वर्षातून एकदा हात फिरवा म्हणावं."

मुलगा नुकताच घरी आला होता. त्याने नळी आणली, दोन स्क्रू पिळले, बंदूक जोडून ह्यांच्या हातात दिली. सूनबाई गॅस बंद करून आली. ह्यांनी बंदूक सवयीने पेलली, खिडकीतल्या खुर्चीकडे गेले, बसले. दस्ता खांद्याशी आला. तिथेच थांबला.

"लावा ना गाल," मी म्हटलं.

ह्यांनी बंदूक खाली घेतली. माझ्याकडे असं बघितलं, जणू हॉलमधल्या एखाद्या नव्या मुलीने वेडगळ काहीतरी विचारलंय.

"दुसऱ्याच्या बंदुकीला गाल लावायचा नसतो, बाई. ती त्याच्या गालाची असते."

मुलगा म्हणाला, "बाबा, अहो ही तुमचीच..."

मी त्याचा हात दाबला. सांगून काय झालं असतं? पुन्हा पलंगाखाली शोध. आणि तत्त्व तर ह्यांचं पक्कं होतं, आम्हा सगळ्यांपेक्षा पक्कं. ज्या माणसाला स्वतःचं नाव दोनदा विचारावं लागतं, त्याला एवढं बरोबर आठवत होतं. मी मिळवलेली सगळी मुदत, सालपटलेली बोटं, आठवड्यामागून आठवडे, त्या एका आठवणीपुढे काहीच कामाला आलं नाही. तिच्यावर रागवायचं तरी कसं?

ह्यांनी बंदूक जुन्या पंच्यात गुंडाळली, दरवाज्याजवळच्या कोपऱ्यात, चपलांच्या स्टँडमागे उभी केली. "त्यांना निरोप द्या. तयार आहे म्हणावं."

"देते," मी म्हटलं.

आता संध्याकाळी दिवे लागले की हे दरवाज्यासमोर खुर्ची टाकून बसतात. शोधत नाहीत, विचारत नाहीत. सदरा नीट करतात. बेल वाजली की उठायला बघतात, "आले वाटतं." दूधवाला असतो, कुरिअर असतं, समोरच्या ब्लॉकमधलं कुणी चुकून आलेलं असतं. एकदा मुलगाच आला, तर त्यालाच बंदूक द्यायला निघाले होते. त्याने मान हलवली, म्हणाला, "ते दुसरे, बाबा. ते यायचेत." मग आत जाऊन बराच वेळ बाहेर आला नाही.

काल मी म्हटलं, "नसतील येत ते. वय झालं असेल. तब्येत बरी नसेल."

ह्यांनी सदरा नीट केला.

"मग त्यांच्या बायकोकडे द्या," म्हणाले. "ती तरी येईल ना?"

"येईल," मी म्हटलं.

"ओळखता तुम्ही तिला?"

"थोडीफार."

"मग घाई नाही म्हणावं," हे म्हणाले. "आपण आहोतच इथे."